तवा, प्रवासातील

मुक्काम बदलत राहणाऱ्या माणसांनी उघड्यावर, तात्पुरत्या चुलीवर किंवा शेगडीवर भाकरी, पोळी, धिरडी इ. पदार्थ भाजण्यासाठी बरोबर नेण्याचे सपाट अथवा किंचित खोलगट पात्र. घरातील तवा आणि प्रवासातील तवा यांचे कार्य एकच असले, तरी त्यांच्या निवडीच्या कसोट्या भिन्न आहेत. घरात तवा एका जागी राहतो, चूल ठरलेली असते आणि सरपण साठवलेले असते. प्रवासात यांपैकी काहीच निश्चित नसते. त्यामुळे तवा किती चांगला भाजतो, यापेक्षा तो कोण व कशावरून वाहून नेणार, मुक्कामाला जळण कोणते मिळणार आणि भाजावयाचे पीठ कोणते, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात. महाराष्ट्रातील मेंढपाळ, लमाण, सैनिक, वारकरी आणि ऊसतोड मजूर यांनी आपापल्या परीने या प्रश्नांची उत्तरे शोधली. प्रवासातील तव्याचा इतिहास हा मुख्यतः या उत्तरांचा इतिहास होय.

शब्द व प्राचीन उल्लेख : ‘तवा’ या शब्दाचा संबंध ‘तापणे’ या अर्थाच्या ‘तप्’ या धातूशी जोडण्यात येतो. फार्सीतील ‘ताबा’ वा ‘तावा’ हा शब्द त्याचा सजातीय आहे. अमरकोशात पीठ भाजण्याच्या पात्रास ‘ऋजीष’ व ‘पिष्टपचन’ अशी नावे असून धान्य भाजण्याच्या पात्रांसाठी ‘अंबरीष’ व ‘भ्राष्ट्र’ हे वेगळे शब्द आहेत. यावरून पीठ भाजण्याचे स्वतंत्र पात्र त्या काळी रूढ होते, हे स्पष्ट होते. चुलीचा इतिहास याहून जुना आहे. पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठच्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन घरांमधून चुली आढळल्या. विदर्भात महापाषाणयुगीन लोकांना लोखंड गाळण्याची कला अवगत होती. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी उजेडात आली आहे. तथापि लोखंड दीर्घकाळ मौल्यवान राहिले आणि ते प्रथम शस्त्रे व अवजारे यांसाठी खर्ची पडले. भाजण्याचे काम गावातील कुंभाराच्या मातीने भागत असे.

मातीचा तवा : खापर हा शब्द संस्कृत ‘खर्पर’ या शब्दापासून आला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या ग्रंथातील अन्नभोगाच्या वर्णनात तापलेल्या खापरावर मंडक, म्हणजे मांडे, भाजण्याची कृती आली आहे. खानदेशात पुरणाचे मांडे आजही पालथ्या खापरावर भाजले जातात.

मातीच्या तव्याचे सामाजिक स्थान दाखविणारी एक आख्यायिका संतचरित्रांत प्रसिद्ध आहे. मुक्ताबाईला मांडे करावयाचे होते व त्यासाठी ती कुंभाराकडे खापर आणण्यास गेली. परंतु विसोबा चाटी याने कुंभारांना या भावंडांस खापर देऊ नये असे बजावले. तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगबलाने आपली पाठ तापविली व तीवर मुक्ताबाईने मांडे भाजले. हा चमत्कार पाहून विसोबांस पश्चात्ताप झाला, असे ही कथा सांगते. विसोबा खेचर या नावाने ओळखले जाणारे हेच पुढे नामदेवांचे (१२७०–१३५०) गुरू झाले. नामदेवांचे जन्मस्थान परंपरेने मानले गेलेले नर्सी आणि विसोबांनी त्यांस उपदेश केल्याचे सांगितले जाते ते औंढा नागनाथ, ही दोन्ही स्थाने आजच्या हिंगोली जिल्ह्यात आहेत. आख्यायिकेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली, तरी तिच्यातील गृहीत गोष्ट लक्षणीय आहे. तवा ही घरात कायम राहणारी वस्तू नसून तो फुटला की कुंभाराकडून पुन्हा आणावा लागे. एखाद्या कुटुंबास वाळीत टाकावयाचे असल्यास त्याचा तवा अडविणे पुरेसे होते. जो एका गावचा नाही व ज्याचा कोणत्याही कुंभाराशी बलुत्याचा संबंध नाही, अशा फिरस्त्याची अडचण तर उघडच होती.

मातीचा तवा मंद आचेवर सावकाश तापतो व उष्णता दीर्घकाळ धरून ठेवतो. त्यावर भाजलेल्या भाकरीची चव अनेकांना अधिक रुचते. परंतु तो धक्क्याने फुटतो आणि एका बाजूने एकदम जाळ लागल्यास तडकतो. बैलाच्या पाठीवरील गोणीत किंवा गाडीच्या तळाशी तो फार दिवस टिकत नाही. फिरस्त्यांच्या हातून मातीचा तवा गेला, तो चवीमुळे नव्हे, तर या ठिसूळपणामुळे.

लोखंडी तवा : प्रवासास योग्य असा तवा ठोकीव लोखंडाचा असतो. तो पडला तर पोचतो, पण फुटत नाही व पोचा आल्यास ठोकून पुन्हा सरळ करता येतो. असे तवे गावचा लोहार घडवीत असे. याखेरीज ⇨घिसाडी या भटक्या लोहारांनीही त्यांचा प्रसार केला. घिसाडी बिऱ्हाडासह गावोगाव फिरतात, झाडाखाली भाता लावतात आणि तवे, उलथणी, पळ्या, विळे, खुरपी व कुऱ्हाडी घडवून किंवा शेवटून देतात. अनेकदा जुने लोखंडच पुन्हा तापवून नवी वस्तू केली जाते. फिरस्त्या ग्राहकाचा तवा फिरस्त्या कारागिराने घडवावा, हा योग अर्थपूर्ण आहे, कारण कुंभाराला आवा व विशिष्ट माती लागते, तर घिसाड्याचे दुकान त्याच्याबरोबर चालते.

ओतीव लोखंडाचा, म्हणजे बिडाचा तवा याहून वेगळा असतो. कोकणात घावन व आंबोळी यांसाठी वापरण्यात येणाऱ्या अशा तव्यास ‘बिडे’ असेच म्हणतात. तो जाड व जड असल्याने त्याची उष्णता एकसारखी राहते व पातळ पीठ चिकटत नाही. परंतु बीड ठिसूळ असल्याने दगडावर पडल्यास तवा दुभंगू शकतो. म्हणून बिडाचा तवा हा मूलतः घरातील तवा होय. विसाव्या शतकाच्या प्रारंभी देशात लोखंडी वस्तूंचे उत्पादन वाढले. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ मध्ये तयार झाला, तर जमशेटपूर येथे १९१२ मध्ये पोलादाचे उत्पादन सुरू झाले. पुढे कारखान्यातील पोलादी पत्रा सर्वत्र मिळू लागला. पत्र्याचा दाबून केलेला तवा ठोकीव तव्यापेक्षा हलका व स्वस्त असल्याने आठवड्याच्या बाजारात त्याचाच खप वाढला.

ज्वारी व तवा : मराठवाड्यातील प्रवासी तव्याचे स्वरूप ज्वारीच्या गुणधर्मांनी ठरविले आहे. मूळच्या आफ्रिकेतील या धान्याचा भारतात प्रसार इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकापासून झाल्याचे मानले जाते. गव्हाच्या पिठात असते तसे चिवट प्रथिन ज्वारीत नसल्याने तिचे पीठ ताणले जात नाही. ते ऊन पाण्यात मळून, काठवटीत किंवा परातीत हाताने थापून भाकरी करावी लागते. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवितात, ते पाणी सुकू लागताच ती उलटतात आणि अखेरीस तवा उतरवून किंवा चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर उभी धरून ती शेकतात. वाफेने पापुद्रा सुटून भाकरी फुगते. या कृतीस दोन गोष्टी आवश्यक असतात : पाणी लागताच थंड न होणारा, पुरेसा जाड तवा आणि त्याच्याशेजारी उघडा निखारा. पातळ पत्र्याचा तवा जाळाच्या जागी भाकरी करपवितो व कडेला कच्ची ठेवतो. केवळ हलकेपणा पाहून घेतलेला तवा ज्वारीसाठी निरुपयोगी ठरतो, तो यामुळेच.

तव्याचा किंचित खोलगट आकारही उघड्यावरील चुलीशी सुसंगत आहे. तीन दगड कितीही ओबडधोबड असले, तरी खोलगट तवा त्यांवर बसतो. सपाट तव्यास मात्र समतल आधार लागतो. प्रवासातील तव्यास बहुधा लांब दांडा नसतो, कारण तो गाठोड्यात मावत नाही. सांडशीने किंवा फडक्याने तवा उतरवितात.

तव्यावाचून प्रवास : तवा न नेता पोट भरण्याचे मार्गही महाराष्ट्रात होते. पहिला मार्ग ⇨शिदोरीचा. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या साध्या भाकरीपेक्षा अधिक टिकतात. सोलापूर भागातील पातळ कडक भाकरी तर कित्येक दिवस खाण्यायोग्य राहते. दुसरा मार्ग निखाऱ्यात भाजण्याचा. पळसाच्या पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या आरात भाजलेले पानगे आणि तशाच रीतीने भाजलेले रोडगे यांना भांडे लागत नाही. मात्र रोडग्यांस गव्हाचे पीठ, भरपूर गोवऱ्या व सवड लागते. म्हणून ते रोजच्या मुक्कामापेक्षा नवस, वनभोजन व शेतातील जेवणे यांपुरते राहिले. रोज मुक्काम बदलणाऱ्यास व ज्वारी खाणाऱ्यास तव्याशिवाय गत्यंतर नव्हते.

मेंढपाळ, लमाण व सैन्य : पश्चिम महाराष्ट्रातील धनगरांचे वाडे पावसाळा संपल्यावर मेंढ्यांसह कोकणाकडे व इतरत्र उतरतात. बिऱ्हाड घोड्यांवर लादले जाते आणि मुक्कामाला स्त्रिया ते उतरवून चूल मांडतात. घोड्याच्या ओझ्यात अंथरूण, धान्य, भांडी व लहान कोकरेही असतात. त्यामुळे प्रत्येक वस्तूचे वजन मोजले जाते व एका चुलीस एक तवा हाच नियम असतो.

लमाण किंवा बंजारा यांनी धान्य व मीठ यांची बैलांवरून वाहतूक करण्याचा व्यवसाय शतकानुशतके केला. मोगलांच्या दक्षिणेतील मोहिमांना धान्य पुरविण्यात त्यांचा वाटा होता. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या दख्खनमधील फौजेनेही, जिने आसई येथे शिंदे व भोसले यांच्या सैन्याशी लढाई दिली, लमाणांच्या पुरवठ्यावर भिस्त ठेवली होती. हिंगोली व वाशिम भागांत त्यांचे अनेक तांडे पुढे स्थायिक झाले. लमाणांनी सैन्याला पोहोचविले ते धान्य, तयार अन्न नव्हे. ते दळणे, मळणे व भाजणे हे छावणीतच करावे लागे. जातिनियमांमुळे शिपाई बहुधा आपापल्या पंक्तीपुरता स्वतंत्र स्वयंपाक करीत. यामुळे मोठ्या सैन्याला एका मोठ्या भटारखान्याऐवजी असंख्य लहान चुली व तेवढेच तवे लागत. हिंगोली येथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी १९०३ पर्यंत होती. छावणी व तांडा या दोन्ही फिरत्या व्यवस्थांचा या प्रदेशाशी असा दीर्घकाळ संबंध राहिला.

इतर देशांतील तवे : हाच प्रश्न इतर समाजांनीही सोडविला. फ्रेंच बखरकार फ्र्वासार याने १३२७ च्या मोहिमेतील स्कॉटिश स्वारांचे वर्णन करताना, प्रत्येक स्वार खोगिराच्या झडपेखाली धातूची एक सपाट थाळी व मागे ओटाच्या पिठाची पिशवी बाळगतो आणि मुक्कामाला त्या थाळीवर पातळ रोटी भाजतो, असे नमूद केले आहे. रसदेच्या गाड्यांवाचून वेगाने हालचाल करण्याचे त्यांचे सामर्थ्य या थाळीत होते. स्कॉटलंडमधील कलरॉस हे गाव पुढे अशा लोखंडी तव्यांसाठी प्रसिद्ध झाले व सहाव्या जेम्स राजाने १५९९ मध्ये तेथील कारागिरांना त्यांचा मक्ता दिला. अरब बदाऊन व तुर्की भटके यांचा ‘साज’ हा पातळ लोखंडी तवा फुगीर बाजू वर करून विस्तवावर ठेवतात. गव्हाचे पातळ पीठ त्यावर ताणून पसरता येते व थोड्या काटक्यांत भाजले जाते. ज्वारीची थापलेली भाकरी अशा घुमटावर नीट बसत नाही. तव्याची बाजू वरची की खालची, हेही अशा रीतीने पिठावर अवलंबून असते.

मेक्सिकोतील मक्याच्या रोट्या मातीच्या ‘कोमाल’वर भाजल्या जातात. एलिझाबेथ ब्रुमफील या मानवशास्त्रज्ञ विदुषीने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ॲझटेक काळातील भांड्यांच्या अवशेषांत हंड्यांच्या तुलनेत तव्यांचे बदलते प्रमाण तपासले. घरापासून दूर काम करणाऱ्यांसाठी नेता येण्याजोगी कोरडी रोटी करण्याशी तिने तव्यांच्या वाढीचा संबंध जोडला. तेथे तवा घरी राहिला व रोटी प्रवासाला गेली. पुरुषांच्या दूरच्या कामाचा भार घरातील स्त्रीच्या तव्यावर पडला. महाराष्ट्रातील शिदोरीचा अर्थही याहून फारसा वेगळा नाही.

वारी : पंढरीच्या वारीत तव्याचा प्रश्न समूहाने सोडविला जातो. हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात आळंदीच्या पालखी सोहळ्याला शिस्तबद्ध स्वरूप दिले. दिंड्यांची व्यवस्था रूढ झाल्यावर सामान गाड्यांतून पुढे जाऊ लागले. पूर्वीच्या बैलगाड्यांची जागा आता मालमोटारींनी घेतली आहे. सेनगाव तालुक्यातून (जि. हिंगोली), ज्यात साखरा हे गाव आहे, शेगावच्या गजानन महाराजांची पालखी नर्सी व औंढा नागनाथ या मार्गाने पंढरपूरकडे जाते. वाटेवरील गावे पालखीबरोबरच्या वारकऱ्यांना भाकरी-पिठले देतात. येथे तवा प्रवास करीत नाही, तर वाटेवरचे प्रत्येक घर आपला तवा प्रवाशासाठी तापविते. स्वतंत्र स्वयंपाक करणाऱ्या दिंड्यांत मात्र मोठ्या व्यासाचे जाड पत्र्याचे तवे वापरतात. त्यांवर एका वेळी अनेक भाकऱ्या वा पोळ्या भाजता येतात आणि त्यांचे वजन वाहनावर पडत असल्याने त्याची अडचण होत नाही.

ऊसतोड : प्रवासी तव्याचा आजचा सर्वांत मोठा वापर सहलीसाठी नव्हे, तर मजुरीसाठी होतो. प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याने १९५० मध्ये उत्पादन सुरू केल्यावर महाराष्ट्रात सहकारी साखर उद्योग वाढला आणि त्याबरोबर ऊसतोडीसाठी मराठवाड्यातून होणारे हंगामी स्थलांतरही वाढले. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटक येथील कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पती-पत्नीच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. स्त्री व पुरुष यांची गणना अशा प्रकारे एका हत्याराच्या नावाने होते. तवा मात्र कोणत्याही हिशोबात येत नाही.

प्रत्यक्षात तव्यावाचून कोयता चालत नाही. कोपीबाहेर दगडांची चूल मांडून स्त्रिया पहाटेच्या अंधारात भाकऱ्या भाजतात, कारण उजाडण्यापूर्वी फडात पोहोचावयाचे असते व दुपारचे जेवणही त्याच भाकरीवर होते. दिवसभर ऊस तोडून व मोळ्या बांधून आल्यावर संध्याकाळी पुन्हा तवा ठेवावा लागतो. जळण म्हणून काटक्या व उसाचे वाळलेले पाचट हाताशी असते. पाचटाचा जाळ भडकतो आणि लगेच विझतो. त्याला मागे निखारा राहत नाही. गावाकडे पऱ्हाट्या व तुराट्या चेतवून गोवऱ्यांवर आच धरण्याची सवय असलेल्या स्त्रीस येथे चुलीपुढून हलता येत नाही. अशा जाळावर जाड तवा सावकाश तापतो, परंतु जाळ ओसरल्यावरही भाजत राहतो. पातळ तवा लवकर तापतो, पण प्रत्येक भाकरीला जाळावर लक्ष ठेवावे लागते. दोन्ही वेळच्या भाकऱ्यांचा विचार करता या फरकाचा परिणाम त्या स्त्रीच्या झोपेवर होतो. म्हणून प्रवासास हलका तवा नेहमीच सोयीचा असतो, असे म्हणता येत नाही. वाहनातून एकदाच नेऊन पाच-सहा महिने एका तळावर वापरावयाच्या तव्याचे वजन गौण ठरते व त्याची जाडी महत्त्वाची ठरते. ‘टायर सेंटर’ वा ‘डोकी सेंटर’ यांसारख्या कामाच्या पद्धतींप्रमाणे तळ हलण्याचे प्रमाण बदलते व त्यानुसार बिऱ्हाडातील भांडीही बदलतात.

इंधनातील बदल : स्वीडनमध्ये फ्रान्स लिंडक्विस्ट याने १८९२ मध्ये बनविलेल्या प्रायमस स्टोव्हमुळे प्रवासातील चूल दगड व सरपण यांपासून मुक्त झाली. रॉकेलच्या या स्टोव्हने ध्रुवीय मोहिमांपासून शहरांतील खोल्यांपर्यंत सर्वत्र प्रवेश केला. भारतात स्वयंपाकाच्या गॅसचे वितरण १९५५ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर ग्रामीण भागातील जोडण्या मोठ्या प्रमाणात वाढल्या. पाच किग्रॅ. गॅसच्या लहान टाक्यांमुळे तो प्रवासातही नेता येऊ लागला. ज्याची जोडणी गावाकडे आहे, त्या मजुराला फडावर मात्र बहुधा पुन्हा पाचट व काटक्यांवरच अवलंबून राहावे लागते.

गॅसच्या ज्वालेबरोबर नव्या धातूंचे तवे आले. टेफ्लॉन या पदार्थाचा शोध १९३८ मध्ये रॉय प्लंकेट याने लावला व १९५४ मध्ये फ्रान्समध्ये मार्क ग्रेग्वार याने त्याचा लेप तव्यावर दिला. असा तवा न चिकटणारा व हलका असतो, परंतु सु. २६०° से.च्या पुढे त्याचा लेप बिघडू लागतो व ३५०° से.च्या पुढे त्यातून अपायकारक वायू निघतात. लाकडाच्या जाळावर रिकामा तवा हे तापमान थोड्याच वेळात ओलांडतो. म्हणून लेपाचा तवा उघड्या चुलीसाठी सर्वथा अयोग्य होय.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. त्यामुळे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेल्या वाहनातून प्रवास हा प्रकार राज्यात अधिकृतपणे रुजू लागला. अमेरिकेत अशा वाहनांबरोबर गॅसच्या दोन-तीन ज्वालांवर ठेवावयाचा जाड पोलादी पत्र्याचा आयताकृती तवा नेतात. वितळलेली चरबी वाहून जाण्यासाठी त्यास कडेने पन्हळ असते. धिरडी, आंबोळ्या, अंडी व भाज्या यांसाठी तो उत्तम असतो. भाकरीसाठी मात्र त्याच्याबरोबर ज्वालेवर ठेवण्याची जाळी लागते, कारण सलग पत्र्याखाली ज्वाला झाकली जाते व भाकरी शेकण्यास उघडी आच राहत नाही. वाहनाच्या बंद अंतर्भागात ज्वाला पेटविल्यास कार्बन मोनॉक्साइड साचून जिवास धोका पोहोचतो. त्यामुळे भाजण्याचे काम वाहनाबाहेर, वाऱ्यास आडोसा करून करणे आवश्यक असते.

निवडीचे निकष : २८ सेंमी. व्यासाच्या सपाट तव्याचे वजन धातूच्या घनतेवरून काढल्यास ३ मिमी. पोलादी पत्र्याचे सु. १·४५ किग्रॅ., ५ मिमी. बिडाचे सु. २·२ किग्रॅ. आणि ४ मिमी. ॲल्युमिनियमचे सु. ०·६७ किग्रॅ. येते. ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता साध्या पोलादाच्या चौपटीहून अधिक असल्याने तो चटकन व सर्वत्र सारखा तापतो. शिवाय त्याची विशिष्ट उष्णता पोलादाच्या दुप्पट असल्याने वरील जाडीचा ॲल्युमिनियमचा तवा पोलादी तव्याच्या निम्म्याहून कमी वजनात जवळजवळ तेवढीच उष्णता साठवितो. परंतु तो मऊ असतो व ६६०° से.ला वितळतो. रसरशीत निखाऱ्यांवर तो रिकामा राहिल्यास वाकतो. अगंज पोलादाची उष्णतावाहकता साध्या पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच असते. त्यामुळे त्याचा पातळ तवा ठिकठिकाणी करपवितो.

यावरून निवडीचे साधे नियम निघतात. पाठीवर किंवा जनावरावर रोज ओझे वाहावयाचे व लाकूडफाट्यावर भाजावयाचे असल्यास सु. ३ मिमी. जाडीचा, खोलगट, बिनदांड्याचा लोखंडी तवा. वाहनातून नेऊन दीर्घकाळ एका तळावर राहावयाचे असल्यास त्याहून जाड लोखंडी तवा. वाहनातून गॅसवर धिरडी-आंबोळ्या करावयाच्या असल्यास बीड किंवा जाड पोलादाचा सपाट तवा, मात्र तो बांधून नेण्याची काळजी घेऊन. केवळ मंद गॅसवर गव्हाच्या पोळ्या करावयाच्या असल्यास ॲल्युमिनियमचा तवा. विद्युत् प्रवर्तनाच्या शेगडीवर चुंबकीय धातूचा व सपाट बुडाचाच तवा चालतो, तेथे पारंपरिक खोलगट तवा उपयोगी पडत नाही. लोखंडी तवा वापरानंतर कोरडा करून त्यास तेलाचा हात लावल्यास गंजत नाही. ओला तवा गाठोड्यात बांधणे हे प्रवासात तवा खराब होण्याचे नेहमीचे कारण होय.

कुंभाराच्या खापरापासून गॅसवरील पोलादी पत्र्यापर्यंत साधने बदलली, तरी ओझे, जळण व पीठ या तीन कसोट्या कायम राहिल्या आहेत. त्यांपैकी ओझे व जळण बहुतेक वेळा स्त्रियाच वाहत आल्या आहेत, परंतु तव्याची खरेदी नेहमीच त्यांच्या हाती होती असे नाही. सहलीला जाणाऱ्यास चुकीच्या तव्यामुळे एखादे जेवण बिघडल्याची खंत वाटते. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबास तीच चूक हंगामभर दोन्ही वेळा सोसावी लागते.